अंजली नको, अभिवादन

वाटूर फाट्यावर सहा डिसेंबरचा बोर्ड लागायचा होता. पेंटरनं सवयीनं लिहिलं : 'पुण्यतिथीनिमित्त भावपूर्ण श्रद्धांजली'. आम्ही पोरं तापलो. पुसून 'महापरिनिर्वाण दिनी विनम्र अभिवादन' करून घेतलं. एक गुरुजी हसले. म्हणाले, "शब्दच तो. काय बिघडतं?"

बिघडतं, गुरुजी. याच मराठवाड्यात एका नावापायी १९७८ ला आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला. शब्द फुकटचा असता तर एवढी किंमत कुणी वसूल केली असती?

आता शब्द तपासू. पुण्यतिथीतली तिथी पंचांगातली. श्रद्धेवर मात्र उगाच राग धरू नका. श्रद्धा धम्मातही आहे, पालीत तिला सद्धा म्हणतात. पण श्राद्ध हा शब्दही श्रद्धेतूनच निघाला. आणि अंजली म्हणजे ओंजळ. मेलेल्याच्या नावानं पाणी सोडतात ती ओंजळ. एखादी गोष्ट कायमची सोडली की 'तिलांजली दिली' म्हणतात, ते उगीच नाही. पाणी सोडलं, हात मोकळे, चला घरी. १९५६ ला नागपुरात आपल्या माणसांनी श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा घेतली. ती या मोकळ्या हातांविरुद्धही आहे, असं मी मानतो.

अभिवादन वेगळं. धम्मपदात ते ज्येष्ठांना करायचं सांगितलंय. म्हणजे समोरच्या जित्या माणसाला. आत्मा तर आपण मानत नाही. मग सहा डिसेंबरला आपल्या समोर कोण असतं? बाबासाहेबांनी विचारलेले प्रश्न असतात. त्यांना उत्तर द्यावं लागतं.

बोर्ड लावून रात्री वस्तीत परतलो. एका म्हातारीनं अडवलं. "झाला का रं बोर्ड? मंग माझ्या नातीच्या फारमाचं काय? उद्या शेवटचा दिस हाय."

शिष्यवृत्तीचा फॉर्म. पंधरा दिवस आम्ही तिला 'उद्या बघू' म्हणत होतो. एका शब्दासाठी मात्र अख्खी संध्याकाळ भांडलो.

फॉर्म त्या रात्रीच भरला. लाज अजून गेली नाही.

दोस्तांनो, शब्द जरूर बदला. त्यासाठी भांडासुद्धा. पण बोर्ड लावून ज्याचे हात मोकळे झाले, त्यानं अभिवादन लिहिलं तरी ती श्रद्धांजलीच.