माजी सैनिक, माजी नर्तकी

सैन्यातून निवृत्त झालेला माणूस घराच्या पाटीवर नावाखाली 'माजी सैनिक' असे लिहून घेतो. डान्सबारमध्ये दहा वर्षे नाचलेली बाई असे काही लिहिणार नाही. ती पत्ता बदलते, जमले तर नावही. अशा दोघांचे प्रेम जमले आणि त्यांनी निकाह करायचे ठरवले, तर मोहल्ल्यात एकच वाक्य फिरेल : 'त्याने तिला स्वीकारले.' मोठ्या मनाचा मुलगा, असेही लोक म्हणतील. मी अडतो ते या 'स्वीकारले'पाशी. तिने त्याला स्वीकारले, असे कोणीच का म्हणत नाही?

देशासाठी मरायला तयार होणे आणि नोटांसाठी नाचणे एकच, असा माझा दावा नाही. पण या दोन पेशांत आपण मानतो त्याहून अधिक साम्य आहे. दोघेही कोवळ्या वयात, बहुधा घरच्या गरिबीमुळे, घर सोडतात. दोघांचे भांडवल शरीर, आणि ते लवकर उतरते. शिपाई पंधरा वर्षे नोकरी करून पस्तिशीच्या आसपास पेन्शनवर घरी येतो; 2022 पासून भरती होणाऱ्या अग्निवीराच्या हाती तर चारच वर्षे असतात. बारमधल्या बाईची तिशी उलटली की मालकाची नजर दुसरीकडे वळते. दोघेही घरी पैसे पाठवतात आणि ते कसे मिळाले याची फार चौकशी घरचे करीत नाहीत. फरक पुढे आहे. सैनिकाला त्याने काय पाहिले, काय केले हे न विचारण्याला आपण आदर म्हणतो. तो रात्री दचकून उठत असला तरी लग्नाच्या बैठकीत त्याचा हिशेब कोणी मागत नाही, मागूही नये. तिचा हिशेब मात्र प्रत्येकाला हवा असतो.

महाराष्ट्रात हा हिशेब एकदा सरकारनेच मांडला. ऑगस्ट 2005 मध्ये डान्सबार बंद झाले. त्यांत काम करणाऱ्या बायकांचा आकडा तेव्हा पंचाहत्तर हजार सांगितला जाई, आणि त्यांत आपल्या समाजातल्या मुलीही होत्या, हे मुद्दाम लिहितो. तरुण पिढी बिघडते म्हणून बंदी. पण त्याच कायद्याने तीन तारे आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने यांना मोकळे सोडले होते. म्हणजे गालिच्यावर तो नाच, आणि फरशीवर तोच अनाचार! मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम ठेवला. सरकारने पुन्हा कायदे केले आणि त्यांतल्या बऱ्याच अटी 2019 मध्ये न्यायालयाने उडवल्या. एवढ्या वर्षांत नोटा उधळणाऱ्यांचे काय झाले? त्यांची लग्ने बिनबोभाट झाली. मुलगा कोणत्या बारमध्ये बसत होता, असे मुलीच्या बापाने विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

वाचक म्हणतील, परपुरुषांपुढे पैशासाठी नाचणे दीनमध्ये जायज नाही. त्यावर मी वाद घालत नाही. पण मग तौबा कोणापुढे करायची? अल्लाहपुढे. नवऱ्यापुढे नव्हे, सासूपुढे तर नव्हेच. निकाहला ईजाब-कबूल लागतो, साक्षीदार लागतात, मेहर लागतो. गतायुष्याचा दाखला लागत नाही. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टोह घेण्याला आणि पाठीमागे निंदा करण्याला साफ मनाई आहे. हे आपल्याला तोंडपाठ असते आणि जुम्याची नमाज उरकून टपरीवर चहा पिताना आपण नेमके तेच करतो.

तरीही एक प्रश्न सुटत नाही. तिने त्याला सांगावे की नाही? ज्याचा भार उद्या त्याच्यावरही पडणार आहे, ते सांगावेच लागेल : डोक्यावरचे कर्ज, गावी आजीकडे वाढणारे लेकरू, अजून धमक्या देणारा कोणी. संसार दोघांचा आहे, तेव्हा अशा गोष्टी लपवणे म्हणजे फसवणूक. बाकीचे, म्हणजे कोणी काय म्हटले, कोणी किती उधळले, हे तिचे आहे. सांगितले तर विश्वास म्हणून सांगावे, कबुलीजबाब म्हणून नव्हे. तोही चौकीवरच्या सगळ्या रात्री तिला सांगणार नाहीच.

मराठी मुलखात या जोडीची जुनी सावली आहे. बाजीराव सैनिकच होता. मस्तानीला जुन्या लिखाणात कलावंतीण म्हटले गेले, तेव्हा तिच्या बाजूचे लोक हिरीरीने सांगू लागले की ती नर्तकी नव्हतीच, ती छत्रसालाची कन्या. ते खरे असेलही. इतिहासकारांनी ते जरूर तपासावे. पण त्या हिरीरीत एक कबुली दडलेली आहे : नर्तकी असती, तर मग तिला वागवले तसे वागवणे ठीकच होते! पाबळला तिची कबर आहे. तिचा मुलगा समशेर बहाद्दर 1761 मध्ये पानिपताच्या रणात मराठ्यांच्या बाजूने लढून गेला. ही दोन्ही कामे तिच्या जन्माच्या दाखल्यावाचून झाली.

आजच्या फौजीची कसोटी निकाहच्या दिवशी नाही. तो दूर पोस्टिंगवर असतो. युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये निकाहची नोंद झालेली असते आणि त्याच्या माघारी कुटुंब पेन्शन तिला मिळायची ती त्या नोंदीच्या आधारे. उद्या तो तिरंग्यात लपेटून आला, तर सगळी गल्ली जनाज्याला येईल आणि चाळिसाव्याच्या आत कोणी दीर, कोणी चुलता त्या पेन्शनवर बोट ठेवून तिचा जुना धंदा उकरून काढील. तो जिवंत असतानाच एखाद्या रात्री फोन येईल : 'भाईजान, राग मानू नका, पण भाभींना आमच्या ओळखीच्या एकाने ओळखले.' 'ती तसली नव्हतीच' असे तो म्हणाला, तर ते खोटे. 'मी तिला माफ केले आहे' म्हणाला, तर तो न्यायाधीश झाला, आणि फोन करणारा त्याचा कारकून. 'मला माहीत आहे. तुझे काय काम होते?' एवढे विचारून तो थांबला, तर पलीकडच्याला फोन ठेवावा लागतो.