परतणारा जीव आणि न परतणारा सनाल

रहस्यकादंबरीच्या वाचकाला एक पात्र चांगले परिचयाचे असते: परक्या घरात जागा झालेला, स्वतःचे नावही न आठवणारा इसम, ज्याची सारी शोधाशोध आपण केव्हाच मेलो आहोत या जाणिवेपाशी येऊन थांबते. नारायण धारपांनी मराठी वाचकाला असल्या भयाची गोडी लावली आणि ती मलाही लागली. परंतु आठवण परत मिळाली की मृतात्मा सुटला, हे जे गृहीत त्या कथानकाच्या बुडाशी असते, ते आपल्या परंपरेच्या पचनी पडणारे नाही.

गर्भोपनिषदाच्या मते गर्भस्थ जीवाला पूर्वजन्म आठवतात आणि जन्मतःच वैष्णव वायूच्या स्पर्शाने त्यांचा विसर पडतो. गीतेच्या चौथ्या अध्यायातही आपले सर्व जन्म आपणास ठाऊक आहेत असे सांगणारा श्रीकृष्ण अर्जुनाला मात्र ते ठाऊक नाहीत, हे सांगावयास विसरत नाही. मग चित्रगुप्ताचे दप्तर कितीही चोख असो, ज्या आरोपीला गुन्हाच आठवत नाही त्याची कैफियत लिहून घ्यावयाची कशी? नैयायिकांनी नवजात अर्भकाच्या स्तन्याच्या ओढीवरून पूर्वस्मृतीचे अनुमान बांधले. अनुमान चतुर खरे, पण त्याने सिद्ध झाली तर ओढ सिद्ध होते, व्यक्ती नव्हे. इंग्लंडातील तत्त्वज्ञ लॉकने तर सतराव्या शतकातच, जिथवर स्मृती पोहोचते तिथवरच व्यक्ती, असा निकाल देऊन टाकला होता.

या कोड्याची मला सर्वांत समाधानकारक वाटलेली उकल कोणत्याही भाष्यग्रंथातली नसून राजुऱ्याच्या सीमेपलीकडील राजगोंडांची आहे. फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात ती नोंदविली आहे. त्यांच्या समजुतीप्रमाणे माणसात जीव निराळा आणि सनाल निराळा: जीव ही भगवंताकडून येणारी आणि त्याच्याकडेच परत जाऊन पुन्हा एखाद्या गर्भात शिरणारी प्राणशक्ती, तर सनाल म्हणजे ज्याला आपण नावाने हाक मारीत होतो, ज्याच्याशी भांडलो आणि जेवलो, तो गेलेला माणूस, तो पुन्हा जन्मत नाही, उत्तरक्रियेनंतर पूर्वजांत आणि पेर्सापेनात, म्हणजे कुळाच्या देवतेत, सामील होतो. परततो त्याला आठवत नाही याचे नवल नाही, कारण आठवणारा परततच नाही.

भामरागडच्या बाजूला माडिया गोंडांच्या गावांलगत मृतांच्या नावे उभारलेल्या शिळा दिसतात: टाकीचा घाव न लागलेल्या, काही कलत्या, पायथ्याशी गवत माजलेल्या, अंगावर एकही अक्षर नसलेल्या. चंद्रपुरात राणी हिराईने आपल्या पतीसाठी, गोंड राजा बीरशहासाठी, बांधविलेली समाधी राजवैभवाची, तिची गोष्ट वेगळी. माडियांची शिळा कोणाची हे शिळा सांगत नाही, गावाला विचारावे लागते. मृताची स्मृती मृताकडे न ठेवता जिवंतांच्या स्वाधीन करण्याची ही तजवीज मला न्याय्य वाटते, जरी तिच्यात एक उणीव उघड आहे. चिमूर तालुक्यातील हिरापूरच्या महापाषाणी शिळास्मारकांखाली कोण होते हे सांगणारे गाव आता उरलेले नाही. गोंड कदाचित म्हणेल, पेनात मिसळल्यावर वेगळे नाव हवे कशाला? मला मात्र ते हवेसे वाटते, आणि हा माझ्या नागरी शिक्षणाचा दोष असेल.

याच विदर्भात, नागपुरात, १९७४ च्या सुमारास एका सुशिक्षित मराठी स्त्रीला मधूनमधून आपली भाषा आणि आप्तजन यांचा पूर्ण विसर पडू लागला. त्या अवस्थेत ती बंगालीत बोलत असे आणि आपण शारदा आहोत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बंगालातल्या आहोत, असे सांगत असे. पुनर्जन्माच्या दाव्यांचे अभ्यासक इयान स्टीव्हन्सन व सतवंत पसरिचा यांनी आणि पुढे वि. वि. अकोलकरांनी या प्रकरणाचा तपास केला. पुनर्जन्म म्हणावा की मनाचा दुभंग, यावर विद्वानांचे एकमत नाही, आणि माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. पण तपासातील एक गोष्ट मला कोणत्याही कादंबरीहून गूढ वाटते. तिने सांगितलेल्या घराण्याची वंशावळ बंगालात सापडली, वडिलांचे म्हणून तिने सांगितलेले नाव तीत निघालेही. शारदेचे निघणे मात्र शक्यच नव्हते, कारण त्या वंशावळीत केवळ पुरुषांचीच नोंद केलेली होती.