पिशवीवरचं नाव

या संवादातली काका-पुतणी कल्पित आहेत, पेच मात्र खरा आहे. पुतणी पिरंगुटहून ‘मुळशीचा आंबेमोहर’ असं छापलेल्या पिशव्या विकते. पुण्यातल्या दुकानदारानं मागणी दुप्पट केली आहे आणि तालुक्यात तिला तेवढं भात मिळत नाही.

पुतणी : काका, व्यापारी म्हणतो, बाहेरचा बारीक, वासाचा तांदूळ निम्मा मिसळा. कुणाला कळणार नाही.

काका : मग अडतंय कुठं?

पुतणी : कळणार नाही, तिथंच अडतंय. कळणार असतं तर भीतीनंच नको म्हटलं असतं.

काका : आणि नाही म्हणालीस तर? दुकानदार दुसऱ्याकडं जाईल, आपल्या लोकांचं भात पडून राहील. आंबेमोहराला उतारा कमी. ताटं उंच, वाऱ्यापावसात लोळतात, वर करपा. तरी लावतात, कारण भाव मिळतो. तुझ्या खरेपणाची किंमत त्यांनी का मोजायची?

काकांचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. मूल्यांवर बोलणं सोपं असतं, कारण त्यांचा खर्च बहुधा दुसऱ्याच्या नावावर पडतो.

पुतणी : त्यांचा भाव कशावर टिकलाय? आंब्याच्या मोहरासारखा वास, मऊ भात, आजाऱ्याला द्यायची पेज. मिसळलेलं एका जेवणात कळणार नाही, दहा वर्षांत कळेल. तेव्हा लोक व्यापाऱ्याला नावं ठेवणार नाहीत. म्हणतील, आंबेमोहरात आता पूर्वीचं काही राहिलं नाही. बुडेल शेतकरीच. भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते प्रत्येक पिशवीत डोकावत नाही. टाटांचं नाव विश्वासावरच मोठं झालं ना? पोलाद कारखान्यात १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस, मुंबईत १९४१ मध्ये कर्करोगाचं रुग्णालय.

काका : खरं आहे. आणि त्याच टाटांच्या मुळशीतल्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला आपले मावळे सत्याग्रहाला बसले, हेही खरं. सेनापती बापट तुरुंगात गेले. तरी धरण झालं. गावं गेली, भाताची खाचरं गेली, मुंबईला वीज मिळाली. देशानं त्या नावावर विश्वास ठेवला. ज्याचं खाचर पाण्याखाली गेलं, त्यानं कशावर ठेवायचा?

पुतणी : म्हणजे ते नाव खोटं?

काका : तसं नाही म्हणत. दिलं तेही खरं, घेतलं तेही खरं. गिऱ्हाइकाचा विश्वास हा वहीतला एक रकाना. ज्याच्याकडून घेतलं, त्याचा रकाना वेगळा.

ब्रँडविषयीच्या चर्चांत हा दुसरा रकाना क्वचितच दिसतो. गिऱ्हाइकाला काय वाटतं हे मोजायला माणसं नेमतात. माल पिकवणाऱ्याला, कारखान्याशेजारी राहणाऱ्याला त्या नावाविषयी काय वाटतं, हे विचारायला कोण जातं? मुळशीच्या खोऱ्यात शंभर वर्षांनंतरही तो प्रश्न मिटलेला नाही.

पुतणी : मग दोन्ही रकाने भरते. मुळशीचं जेवढं भात, तेवढ्याच पिशव्यांवर मुळशीचं नाव. बाहेरचा तांदूळ विकलाच तर वेगळ्या पिशवीत, वेगळ्या भावानं, कुठला ते लिहून. आणि शेतकऱ्याचा भाव लावणीआधीच ठरवीन.

काका : दुकानदार मानला नाही तर?

पुतणी : धंदा लहान राहील. पण कबूल केलेला भाव मी देईन. तोटा माझ्या अंगावर.

काका : यंदा सोसशील. पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या?

पुतणी : तेवढं बळ माझ्यात आहे का, ते आज सांगता येत नाही.

काका गप्प राहिले. माझ्या मते पुतणी बरोबर आहे, कारण तिनं खरेपणाचा खर्च आधी स्वतःच्या नावावर मांडला. पण एकटीला तो फार काळ झेपणार नाही, ही काकांची शंकाही बरोबर आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगणं एवढंच : आंबेमोहर घेताना भात कुठल्या गावचं, ते विचारा, आणि जो दुकानदार नीट उत्तर देईल, त्याच्याकडून दोन पैसे जास्त मोजून घ्या.