शरपंजर आणि यंत्रमानव



शरपंजरी पडलेल्या भीष्माचार्यांची कथा आपणांस ठाऊक आहे. युद्ध संपले, राज्य मिळाले, तरी धर्मराजाचे चित्त शोकाकुल होते. भगवंतांनी त्यास पितामहांकडे नेले. भीष्मांनी श्रीकृष्णास विचारले की, तू सर्वज्ञ येथे उभा असता उपदेश मी का करावा? भगवंतांनी त्यांची वेदना हरण केली, बुद्धी निर्मळ केली. उपदेश मात्र त्यांच्याच मुखाने करविला, कारण पितामहांची कीर्ती त्या योगे चिरंतन व्हावी. ज्या देहाला कूस पालटण्याचेही सामर्थ्य उरले नव्हते, त्याच्याजवळ राजा शिष्य होऊन बसला. शांतिपर्व व अनुशासनपर्व ही त्या विचारण्याचीच फळे होत.

आज ही कथा आठवण्याचे कारण असे की, वृद्धांच्या सोबतीसाठी आता यंत्रमानव निर्माण होत आहेत. जपानात ताकानोरी शिबाता या शास्त्रज्ञाने १९९३ पासून खपून 'पारो' नावाचे सीलच्या पिलाचे यंत्र सिद्ध केले. २००५ साली ते तेथे विक्रीस आले. हे यंत्र पाणी आणून देत नाही की औषध देत नाही. त्यास कुरवाळले असता ते डोळे मिटते, हाक मारली असता मान वळवते. म्हणजे ते सेवा करीत नाही, सेवा घेते! ज्यांची सर्वजण शुश्रूषा करतात, त्या वृद्धांना कोणाला तरी जोजविण्याची संधी ते देते. यातच त्याचे मर्म आहे.

मर्म केवळ यंत्राचे नव्हे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एलन लँगर व ज्युडिथ रोडिन या विदुषींनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या एका वृद्धाश्रमात काहींना रोपे दिली आणि सांगितले की, आपल्या दिनक्रमाचा निर्णय आपला व या रोपाची निगाही आपली. इतरांनाही रोपे दिली, परंतु त्यांस पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांत पहिल्यांची वृत्ती अधिक उत्साही व जागरूक दिसली. रोप दोहोंकडे होते. भार मात्र एकाच बाजूस होता.

आता आपल्या घराकडे वळू. 'आजी, तुम्ही आता स्वस्थ बसा, हरिहरि करा,' असे आपण मोठ्या प्रेमाने म्हणतो. देवाच्या वाती वळणारे त्यांचे हात आपण बाजारच्या तयार वातींनी रिकामे केले. आजोबांकडून पंचांग काढून घेतले, हिशेबाची वही काढून घेतली. हा आदर नव्हे, सज्जनहो; हा प्रेमाने रचलेला शरपंजर होय.

म्हणून यंत्र घडविणाऱ्यांसही हीच कसोटी लावावी. सर्व जाणणारे यंत्र वृद्धास सतत सांगत सुटेल, तर त्यास अधिकच पंगू करील. तेच यंत्र विचारील, रोपाला पाणी घालण्याची आठवण देईल, नातीला लोणचे शिकविण्यासाठी दूरध्वनी जोडून देईल, तर ते भगवंतांच्या त्या युक्तीचे अनुकरण ठरेल. तथापि एक भेद विसरू नये. धर्मराजाची गरज खरी होती. यंत्राची गरज रचलेली असते. स्मृती क्षीण झालेल्या वृद्धास ते सजीव भासविणे हा सत्याशी द्रोह होईल. यंत्र काठीप्रमाणे असावे: काठीच्या आधाराने माणसाने माणसापर्यंत पोहोचावे.

परंतु परदेशी चाळीस लाख काय करोड यंत्रे झाली, तरी आपल्या घरातील वृद्धास प्रश्न विचारण्याचे कर्तव्य आपलेच राहते. तेव्हा आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि ज्याचे उत्तर आपणांस खरोखर हवे आहे असा एक तरी प्रश्न विचारावा. ते जे सांगतील त्यातले काही आचरावेही. कारण विचारून सोडून देणे ही केवळ करमणूक होईल. एखादे काम त्यांच्या हाती सोपवावे, चुकले तरी परत घेऊ नये.

नमस्काराने वृद्धांचा मान राहतो. विचारण्याने त्यांचे जीवन राहते. ही सद्बुद्धी परमेश्वर आपणां सर्वांस देवो.

इति शुभं भवतु.