पोढीचं पाणी

बुद्ध मला दगडात आवडतो. हे वाक्य मी बरीच वर्षं मनातल्या मनात टाळत आलो, आज लिहून टाकतो. दगडातला बुद्ध शांत असतो, सुंदर असतो आणि मुख्य म्हणजे तो माझ्याकडे काही मागत नाही. त्याच्यापुढे उभं राहून मी करुणा, संस्कृती, वारसा असे मोठाले शब्द उच्चारू शकतो आणि संध्याकाळी होतो तसाच घरी परतू शकतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला मी जात आलो, तो याच सोयीने. काळ्या कातळाच्या एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास इथे छिन्नी चालू लागली आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे वस्ती टिकली. तिसऱ्या क्रमांकाचा मोठा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. त्याच्या व्हरांड्यात दोन बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत, त्या नंतरच्या. बरोबर कोणी असलं की मी आवर्जून दाखवतो ते मात्र पाणी. विहारांच्या अंगणात कोरलेली टाकी, पावसाचं पाणी त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या कातळातल्या पन्हळी. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याची नोंद इथे आहे. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खुणीही आहेत. स्वतः कधी न भेटणाऱ्या माणसांची तहान भागावी म्हणून आपल्या कमाईतला वाटा खर्च करणारी ही माणसं. हे सगळं मी फार जिव्हाळ्याने सांगतो. ऐकणाऱ्याला वाटावं, हे माझेच पूर्वज.

अशाच एका फेरीत चैत्याच्या व्हरांड्यात एक कुटुंब उभं होतं. पांढऱ्या लुगड्यातली आजी, तिची सून, दोन मुलं. आजीने मूर्तीपुढे फुलं ठेवली आणि सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. मी कॅमेरा घेऊन खांबाजवळ थांबलो होतो. ते कधी बाजूला होतात, याची वाट पाहत. मला मूर्तीचा फोटो माणसांशिवाय हवा होता.

माणसांशिवायच का हवा होता? फोटो स्वच्छ यावा म्हणून, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. पण परदेशी भिक्खू तिथे ध्यानाला बसले असते, तर मी त्यांना चौकटीबाहेर ठेवलं असतं का? नाही. उलट हळूच जवळ जाऊन फोटो घेतला असता. मग ही आजीच का नको होती? की तिच्यामुळे ते लेणं माझ्या इतिहासातून निसटून तिच्या वर्तमानात जात होतं?

हा प्रश्न एकदा सुटा झाला, की मागचं बरंच काही उलगडत जातं. ६ डिसेंबरच्या, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या आसपास मी दादरला जायची कामं पुढे ढकलतो. चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, रस्ते भरतात, हे खरं. पण गणपतीच्या दिवसांत लालबागला होणाऱ्या गर्दीला मी उत्साह म्हणतो आणि या गर्दीला गैरसोय. दोन सारख्या गोष्टींना माझ्याकडे दोन मापं का आहेत? कान्हेरीचा धम्म आपला आणि चैत्यभूमीवरचा त्यांचा, ही वाटणी माझ्या मनात कोणी केली? मला ती कोणी शिकवल्याचं आठवत नाही. म्हणजे ती शिकवावी लागलीच नाही.

डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेचे आपले अनुभव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहेत. त्यात १९३४ सालच्या एका सहलीची हकिकत आहे. सहकाऱ्यांसह निघताना वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी दरवाजापाशी असलेल्या हौदावर तोंड-पाय धुतले. हौद बाटवला म्हणून त्यांच्यावर माणसं धावून आली. पुढे किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही, या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला.

लेणी पाहायला निघालेला माणूस आणि त्याला नाकारलेलं पाणी. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती. ही हकिकत वाचताना माझ्या मनात जे झालं, ते सांगायला जड जातं. हौदावर हटकणारे मुसलमान होते, हे कळल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं. कशाचं हायसं? बाबासाहेबांनी तो प्रसंग लिहिला तो हेच दाखवायला, की हिंदूंनी ज्याला अस्पृश्य ठरवलं तो इतरांनाही अस्पृश्यच वाटतो. मूळ ठरवणारा कोण होता, हे त्यात स्पष्ट आहे. आणि मी तिथेही पळवाट शोधत होतो.

मग माझ्या स्वयंपाकघराकडे बघावं लागलं. आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा होता. खिडकीत, पालथा घातलेला. आईच्या काळापासून तसाच चालत आलेला. कोणी विचारलं असतं तर मी स्वच्छतेचं कारण दिलं असतं. मावशींची जात मी कधी विचारली नाही. विचारायची गरजच पडली नाही, कप आधीच ठरलेला होता. आता त्या आमच्याच कपातून चहा घेतात. यात श्रेय घेण्यासारखं काही नाही. कप बदलला म्हणून मनही बदललं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कदाचित मला फक्त स्वतःच्या नजरेत बरं दिसायचं असेल.

तरी एवढं आता कळू लागलंय. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरली आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ साली. वेगळ्या धर्माची ती माणसं डोंगर चढून आली, थांबली आणि आपण आल्याची खूण ठेवून गेली. तो डोंगर माणसांच्या येण्याने मोठा झाला होता. मी मात्र तो माणसांवाचून बघू पाहत होतो. त्या सोनाराशी नातं सांगायचं, तर त्याने जे केलं त्यातलं थोडं तरी मला करावं लागेल. नुसतं पन्हळींचं कौतुक करून ते नातं जुळत नाही. आणि ज्या माणसांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेऊन हा धम्म पुन्हा जिवंत केला, त्यांना वगळून मला कान्हेरीचा अभिमान बाळगता येणार नाही. तो अभिमान खोटा ठरेल.

२०११च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यातले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात राहतात. ते आपले शेजारी आहेत, सहकारी आहेत, आपल्या मुलांचे वर्गमित्र आहेत. लेणी जरूर पाहावीत. पण या शेजाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी जाऊन आपण पाणी प्यालो, हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावं. माझं उत्तर मला लाज वाटावी इतकं लहान आहे.