एका पैचा आनंद आणि अर्धी खते



आपल्या धाराशिव जिल्ह्यातली पुष्कळ मुले आता बँकांच्या संगणकांमागे बसतात. कोणी आयबीपीएसची परीक्षा देऊन सरकारी बँकेत माहिती-तंत्रज्ञान अधिकारी होतो, कोणी पुण्या-मुंबईच्या कंपनीत बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. घरात तुळशीची माळ आणि दाराशी सोयाबीनचे रान. अशा मुलापुढे एक दिवस प्रश्न येतो : मन रमते ती नोकरी धरावी, की दुप्पट पगाराची आणि मोठ्या नावाची? तो घरी विचारतो. आपण ‘पगार बघ’ म्हणतो, नाहीतर ‘पैशात काय आहे’ म्हणतो. दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

प्रतिष्ठेचा निवाडा आपल्या पंथात सोपा आहे. दिंडीत साहेब हमालाच्या पायाला हात लावतो आणि हमाल साहेबाच्या. जी मोठेपणाची झूल वाळवंटात पोहोचताच उतरवावी लागते, तिच्यासाठी आयुष्याचा रस्ता बदलू नये.

समाधानाचे काय? देवगिरीच्या किल्ल्यावर नाथमहाराज जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. हिशेबात एका पैचा फरक येत होता. रात्रभर त्यांनी वह्या चाळल्या आणि तो सापडताच आनंदाने टाळी वाजवली. ती पै त्यांची नव्हती, आणि तिच्यामुळे कोणी त्यांचा पगार वाढवणार नव्हते. मार्चअखेरीला रात्री जागणाऱ्या बँकेतल्या मुलाला ही टाळी ओळखीची वाटेल. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत शेतकऱ्याच्या खात्यावर येतात. गावातली म्हातारी यंत्रावर अंगठा ठेवते आणि त्यातले पैसे पदरात बांधून घरी जाते. तिच्या अंगठ्यामागे कितीजणांचे जागरण आहे, हे तिला ठाऊकही नसते. असे न दिसणारे काम नीट केल्याचा आनंद खरा आहे. पण कथा तिथे थांबत नाही. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल, असे स्वामी म्हणाले. म्हणजे कामातला आनंद ही पायरी आहे, गाभारा नव्हे.

आता पगार. तुकोबांच्या घरी सावकारी होती. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात कितीदा ऐकतो. पण बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. धाकट्या भावाच्या वाट्याची अर्धी खते त्यांनी भावाच्या हाती दिली. त्याग करायचा तो स्वतःच्या वाट्याचा. वडिलांच्या डोक्यावर पीककर्ज असेल, बहिणीचे शिक्षण राहिले असेल, तर मुलाच्या पगारात त्यांची अर्धी खते आहेत. ‘मला हेच आवडते’ म्हणून ती पाण्यात सोडायचा अधिकार त्याला नाही. आणि कर्ज फिटले, घर उभे राहिले, तरीही तो त्यांचेच नाव सांगून पगारामागे धावत असेल, तर तो स्वतःची हाव दुसऱ्याच्या खात्यावर लिहितो आहे.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा तर आपल्याच मातीतली. ते नामात रंगून चिखल तुडवत होते आणि रांगते लेकरू पायाखाली आले. ही कथा आपण भक्तीची थोरवी म्हणून ऐकतो, पांडुरंगाने ते लेकरू परत दिले म्हणून डोळे पुसतो. पण संसारी माणसाने तिच्यातला इशाराही ऐकावा. रंगून जाणे कितीही पवित्र असो, पायाखाली कोण आहे हे पाहावे लागते. आवडीचे काम घरच्यांना तुडवू शकते. मोठा पगारही तुडवू शकतो. रात्रंदिवस फोनला बांधलेल्या बापाचे लेकरू पायाखालीच असते.

त्याच गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटण्याने कच्चे-पक्के मडके पारखले. तुमचा मुलगा विचारायला येईल तेव्हा तुम्हीही तीन थापा मारा. कोणी पाहिले नाही तरी हे काम तू इतकेच नीट करशील का? या पगारात तुझा वाटा किती आणि घरच्यांचा किती? आणि दिवस मावळल्यावर हरिपाठ म्हणण्याइतके मन तुझ्यापाशी शिल्लक राहील का?

तिन्ही उत्तरे एकाच नोकरीकडे बोट दाखवतील असे नाही. घरच्यांचा वाटा मोठा असेल, तर आज पगाराची नोकरी धरावी; त्यात कमीपणा नाही. मात्र तो वाटा किती, हे आजच कागदावर लिहून ठेवावे. तो फिटेल त्या दिवशी पुन्हा बसून विचार करावा. न लिहिलेले कर्ज कधीच फिटत नाही.

रामकृष्णहरी!