धगधगत्या पर्वताच्या पायथ्याशीं

शास्त्रपाठ : यहेज्केल ३३:१–६, लूक १३:१–५



दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत नेव्हादो देल रुईस नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. तो सुमारें ५,३०० मीटर उंच असून त्याच्या माथ्यावर बारमास बर्फ असतें. त्याच्या खालच्या खोऱ्यांत आर्मेरो नांवाचें भरभराटीचें गांव होतें. तेथील जमीन सुपीक. कापूस व भात उत्तम पिके. परंतु १८४५ सालीं त्याच पर्वतावरून चिखलाचा लोंढा येऊन त्या खोऱ्यांत सुमारें एक हजार माणसें गाडलीं गेलीं होतीं, आणि त्याच चिखलाच्या थरावर पुढें तें गांव वसलें.

१९८५ सालीं पर्वत पुन्हा धुमसत होता. आक्टोबरांत शास्त्रज्ञांनीं धोक्याचा नकाशा काढला. त्यांत आर्मेरो धोक्याच्या वाटेवर दाखविलें होतें. १३ नोव्हेंबर रोजीं दुपारीं राख पडूं लागली, तेव्हां लोकांस सांगण्यांत आलें कीं, शांत राहा, घरींच थांबा. रात्रीं नऊच्या सुमारास मोठा स्फोट झाला. तप्त राखेनें बर्फाचा कांहीं भाग वितळला, आणि पाणी, माती व दगड एक होऊन नदीच्या पात्रांतून खालीं धांवले. साडेअकराच्या सुमारास लोंढा गांवावर आला. मध्यें दोन तासांहून अधिक अवकाश होता, व उंच जमीन जवळच होती. तरी त्या एका गांवांत वीस हजारांहून अधिक माणसें मेलीं.

कोणी म्हणेल, तें गांव फार पापी असेल. असें म्हणणाऱ्यानें शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट पुन्हा वाचावी. बुरूज ज्यांच्यावर पडला ते इतरांहून अधिक अपराधी होते, हा तर्क आपल्या प्रभूनें मान्य केला नाहीं. मेलेल्यांचें पाप मोजण्याचें काम आपलें नव्हे. जिवंतांस जागें करण्याचें काम आपलें आहे.

मग चुकलें कोठें? ज्ञान होतें, पण तें शेवटच्या झोपडीपर्यंत वेळेवर पोंचलें नाहीं. घरदार व पीक सोडण्यास सांगणें सोपें नसतें. लोक निघून गेले आणि कांहींच घडलें नाहीं, तर पिकाचें नुकसान होतें, सांगणाऱ्याचें हंसें होतें, व पुढच्या वेळीं त्याचें कोणी ऐकत नाहीं. ह्या भयानें पुष्कळ पहारेकरी शिंग हातांत असून तें वाजवीत नाहींत.

आतां दुसरा पर्वत पाहा. फिलिपाईन्स देशांतील पिनातुबो सुमारें पांचशें वर्षें निजला होता. त्याच्या उतारावर आयता नांवाचे वनवासी लोक राहत. डोंगरांतून वाफ निघते ही बातमी शास्त्रज्ञांकडे पोंचविणाऱ्यांत त्या लोकांमध्यें सेवा करणारी एक धर्मभगिनी होती. १९९१ च्या एप्रिलांत वाफेचे स्फोट होतांच शास्त्रज्ञांनीं यंत्रें लाविलीं, धोक्याच्या पांच पायऱ्या ठरविल्या, आणि ज्वालामुखी काय करितो हें दाखविणारीं चित्रें अधिकाऱ्यांस व लोकांस दाखविलीं. हजारों लोक वेळेवर हालले. १५ जूनला महास्फोट झाला. त्याच दिवशीं तुफान येऊन राख भिजली, व तिच्या भारानें छपरें कोसळून शेंकडों माणसें मेलीं. तरीही पूर्वसूचनेमुळें निदान पांच हजार जीव वांचले असा अंदाज आहे.

अशा पर्वताजवळ लोक राहतात तरी कां? राखेची जमीन कालांतरानें कसदार होते, आणि गरिबास जेथें भाकर मिळते तेथेंच तो खोपट बांधितो. आपली काळी जमीनही सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाच्या खडकापासून झाली आहे. म्हणून त्यांस कोणी मूर्ख म्हणूं नये. राहणें हा दोष नव्हे. सावध न राहणें हा धोका आहे. तेथील शहाण्या कुटुंबास उंच जमिनीची वाट पाठ असते. तें नदीच्या पात्रांतून पळत नाहीं, राख पडतांच नाकातोंडास ओलें फडकें बांधितें, आणि धोका टळल्याची खात्रीची आज्ञा येईपर्यंत गुरांसाठींसुद्धां मागें फिरत नाहीं.

“देव राखील, आम्हीं कशाला हालावें?” असें कोणी विचारील. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याची सूचना कोणीं केली होती, हें त्यानें आठवावें. देवावर भरंवसा ठेवणें वेगळें, आणि देवाची परीक्षा पाहणें वेगळें. ज्यानें पर्वत केला त्यानेंच त्याचें कंपन ओळखणारी बुद्धि मनुष्यास दिली. ती झिडकारणें म्हणजे दात्यास झिडकारणें होय.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवीं ज्वालामुखी नाहीं, पण नदीचा पूर आहे, पटकी आहे, पडकी विहीर आहे. सरकारी सूचना कागदावर येते. ती न वाचतां येणाऱ्या म्हाताऱ्या विधवेच्या दारापर्यंत कोण नेणार? दोन वेळां सूचना व्यर्थ गेली, तर तिसऱ्या वेळींही तितक्याच प्रेमानें जाऊन दार ठोठावा. लोक हंसले तर हंसोत. हंसणारीं माणसें सकाळीं जिवंत असलीं, म्हणजे पहारेकऱ्यास त्याची मजुरी मिळाली.